क्रोनो ट्रिगर: तीस वर्षं झाली तरी हा गेम का सुटत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दर दोन-तीन वर्षांनी हा गेम पुन्हा काढतो. घरी कोणी ना कोणी मागे येऊन उभं राहतं आणि ठरलेले प्रश्न सुरू होतात. शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. शेवट फोडणारा भाग येईल तिथे आधी सांगितलं आहे.

हा गेम मुळात आहे काय?

सुपर फॅमिकॉमवरचा, म्हणजे बाहेरच्या देशांत ज्याला सुपर निन्टेंडो म्हणतात त्या यंत्रावरचा, जपानी रोल-प्लेइंग गेम. स्क्वेअर कंपनीने तो 11 मार्च 1995 रोजी जपानमध्ये काढला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत. कार्ट्रिज 32 मेगाबिटचं. आजच्या हिशेबात 4 एमबी. सकाळी ग्रुपवर येणारे गुलाबाच्या फुलांचे चार-पाच फोटो एकत्र केले की तेवढे होतात.

क्रोनो नावाचा मुलगा जत्रेला जातो, तिथे एका मुलीशी धडक होते, लुका या मैत्रिणीने बनवलेलं यंत्र बिघडतं आणि ती मुलगी चारशे वर्षं मागे फेकली जाते. तो तिला आणायला जातो. पुढे कळतं की 1999 साली जमिनीखालून लाव्होस नावाचं काहीतरी बाहेर येऊन जग संपवणार आहे. मग कालप्रवास करत ते थांबवायचं. कागदावर ही गोष्ट साधीच वाटते, तेव्हा या परिच्छेदावरून मत बनवू नका.

कोणी बनवला? सगळे त्या 'ड्रीम टीम'चं एवढं कौतुक का करतात?

समजा, एकमेकांच्या विरोधात वर्षानुवर्षं खेळलेले दोन कर्णधार एका संघात आले. 'फायनल फँटसी'चे कर्ते हिरोनोबू साकागुची आणि 'ड्रॅगन क्वेस्ट'चे कर्ते युजी होरी तेव्हा नेमके असेच होते, कारण हे दोन्ही गेम जपानमध्ये एकमेकांचे थेट स्पर्धक होते. त्यांच्यात तिसरे आले चित्रकार अकिरा तोरियामा, 'ड्रॅगन बॉल'वाले. 1992 साली हे तिघे मिळून अमेरिकेला संगणकीय चित्रांचं तंत्र बघायला गेले आणि आजवर कोणी केलं नाही असं काहीतरी करू, हे तिथे ठरलं.

पण नुसत्या मोठ्या नावांनी गेम होत नाही. निर्माते काझुहिको आओकी होते, दिग्दर्शनाची जबाबदारी तिघांवर होती आणि कथेचा मोठा भाग मासातो काटो यांनी लिहिला. झील नावाच्या राज्याचं सगळं प्रकरण, ज्यासाठी लोक हा गेम पुन्हा खेळतात, ते काटोंच्या हातचं. पोस्टरवर मात्र त्यांचं नाव कधी नसतं.

तोरियामा मार्च 2024 मध्ये गेले. आपल्याकडे शाळेतून आल्याबरोबर दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' लावणारी एक अख्खी पिढी आहे. तिला क्रोनोचे ते उभे काटेरी केस बघून कोणी काही समजावून सांगावं लागत नाही.

लढाया म्हणजे आपण एक मारायचं, मग त्याने एक मारायचं, असंच ना? झोप येत नाही?

त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये येते. चार पावलं चाललात की स्क्रीन चमकते, वेगळ्या पडद्यावर राक्षस उभे, मारा, परत या, पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. क्रोनो ट्रिगरने हे जवळजवळ सगळं काढून टाकलं. राक्षस समोर दिसतात, कोणी झोपलेला असतो, कोणी झुडपातून डोकावतो. बऱ्याच वेळा वळसा घालून निघून जाता येतं. लढाई झालीच तर जिथे उभे आहात तिथेच होते, पडदा बदलत नाही.

जागेलाही महत्त्व आहे. एखादा वार सरळ रेषेतल्या सगळ्यांना लागतो, एखादा गोलात उभ्या असलेल्यांना. राक्षस हलत असतात, म्हणून ते एका रेषेत येईपर्यंत क्षणभर थांबायचं की नाही, एवढाच विचार. आणि दोघांनी किंवा तिघांनी मिळून करायचे डाव आहेत. क्रोनो आणि त्याचा बेडूकरूपी साथीदार फ्रॉग दोन बाजूंनी धावत येऊन फुलीसारखा वार करतात, तो पहिल्यांदा केला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

कठीण मात्र हा गेम नाही. ज्यांना बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या राक्षसासमोर, वीस वेळा मरून मजा येते, त्यांनी दुसरं काही बघावं.

किती तास लागतात? माझ्याकडे नोकरी आहे, मूल आहे.

पहिल्यांदा साधारण वीस ते पंचवीस तास. मुख्य रस्ता धरून चाललात तर त्याहून कमी. लेव्हल वाढवायला त्याच त्या प्राण्यांना शंभर वेळा मारण्याची, म्हणजे ग्राइंडिंगची, जवळपास गरज नाही.

माझं स्वतःचं मत असं की हा गेम टिकण्याचं पहिलं कारण हेच आहे. काळाबद्दलचा गेम आहे आणि तो तुमचा वेळ खात नाही. ज्या दृश्यात काही घडत नाही ते दृश्यच ठेवलेलं नाही. आजचे शंभर तासांचे गेम मी अर्ध्यावर सोडले आहेत, त्यातल्या कित्येकांची कथा आता आठवतही नाही.

'तुमची प्रत्येक कृती लक्षात ठेवतो' असं म्हणतात. म्हणजे नक्की काय?

हे उत्तर लांबणार आहे.

सुरुवातीला जत्रा आहे. राज्याला हजार वर्षं झाली म्हणून भरलेली. इथे तुम्ही पळणाऱ्यांवर पैज लावता, गाणाऱ्या रोबोशी मारामारी करता, टेबलावर कोणाचा तरी डबा उघडा दिसला तर खाऊन टाकता. गेम खेळणाऱ्याचा स्वभावच तो. समोर दिसलं की बटण दाबायचं. त्या मुलीशी धडक होते तेव्हा तिचं लॉकेट खाली पडतं. तिला आधी उठवायचं की आधी लॉकेट उचलायचं? बहुतेक जण लॉकेट उचलतात, वस्तू चमकत असते ना. एका लहान मुलीचं मांजर हरवलेलं असतं. तेही कोणी शोधतं, कोणी नाही.

दोन-तीन तासांनी, हे सगळं विसरून गेल्यावर, तुमच्यावर खटला भरतो. ती मुलगी राजकन्या निघते, तिला पळवल्याचा आरोप. आणि साक्षीला येतो तो डबेवाला म्हातारा. 'यानेच माझं जेवण खाल्लं!' मग विचारतात, आधी मुलीकडे गेलास की लॉकेटकडे? सात पंच आहेत, एकेक जण दोषी-निर्दोष सांगत जातो. मांजर आणून दिलं असेल तर ती मुलगी तुमच्या बाजूने बोलते.

निर्दोष ठरलात तरी कोठडी चुकत नाही, हे इथेच सांगून टाकतो. म्हणजे गोष्टीच्या दृष्टीने खटल्याचा निकाल फारसा काही बदलत नाही. पण तुमच्यात बदलतो. त्यानंतर पूर्ण गेमभर कुठलाही डबा, पेटी, हंडी उघडताना हात जरा थबकतो. पुढे कोणी विचारतं का? फारसं नाही. एकदाच विचारलं, तेवढं पुरलं.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. एक खास दगड सूर्यप्रकाशात ठेवायचा असतो, साडेसहा कोटी वर्षं. तुम्ही डायनोसॉरच्या काळात जाऊन तो ऊन येणाऱ्या गुहेत ठेवता आणि पुढच्या काळांत डोकावत जाता. इ. स. 1000 मध्ये दगड गायब! पोरे गावच्या महापौराने ढापलेला. माणूस कंजूष, काही केल्या देत नाही. त्याच्याशी लढता येत नाही, त्याला पटवता येत नाही. उपाय असा, की गावातल्या खाणावळीतून सुकवलेलं मांस घ्यायचं (9,900 मोजावे लागतात, त्या वेळी अगदी जिवावर येतात), चारशे वर्षं मागे जायचं आणि त्याच्या पूर्वज बाईला ते द्यायचं. ती 10,000 देऊ करते. शंभराचा नफा. घेतलेत तर झालं, काही बदलत नाही. नुसतंच दिलंत, तर ती बाई म्हणते की मुलांनाही असंच उदार व्हायला शिकवीन. परत येऊन बघा, तोच महापौर हसतमुख, दगड हातात ठेवतो.

संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झिरपतात, हे आपल्याला लहानपणी किती जणांनी ऐकवलं असेल. इथे ते कोणी ऐकवत नाही.

शेवट किती आहेत? आणि 'न्यू गेम प्लस' काय भानगड आहे?

मूळ गेममध्ये डझनभर, कोण कसे मोजतं त्यावर एखादा कमी-जास्त. कारण असं, की एका ठिकाणापासून पुढे तुम्ही लाव्होसशी कधीही लढायला जाऊ शकता. 'काळाचं टोक' नावाच्या ठिकाणी एक दिव्याचा खांब आहे, त्याखाली एक म्हातारा डुलक्या काढतो आणि बाजूच्या खोलीत एक बादली ठेवलेली आहे. त्या बादलीतून थेट 1999 सालचा जगाचा शेवटचा दिवस. कथेच्या कुठल्या टप्प्यावर तुम्ही लाव्होसला हरवता त्यावर शेवट बदलतो.

लवकर जाल तर मार खाल, हे उघड आहे. म्हणून न्यू गेम प्लस. एकदा गेम संपवला की कमावलेली ताकद आणि शस्त्रं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे नाव या गेमनेच रूढ केलं, आज ते सर्रास सगळीकडे वापरतात. दुसऱ्या फेरीत अगदी जत्रेतूनच लाव्होसकडे जाता येतं. तसं करून जिंकलात तर गेम बनवणारी मंडळी स्वतः पात्रं होऊन एका खोलीत भेटतात आणि एकेक जण काहीबाही बोलतो. कोणी थकलेलं, कोणी खूश.

शेवट फुटला तरी चालेल. सगळ्यात जास्त मनाला लागणारा भाग कोणता?

(न खेळलेल्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं.)

बहुतेक जण समुद्रातल्या महालाचं नाव घेतील. तिथे क्रोनो मरतो. ज्याला तुम्ही चालवत होतात, तोच. आणि त्याला परत न आणताही गेम पूर्ण करता येतो. 1995 साली हे धाडस होतं, मान्य.

पण माझ्यासाठी फिओनाचं जंगल. वाळवंट झालेल्या जमिनीवर एक बाई एकटी झाडं लावते आहे. तुमच्यातला रोबो म्हणतो, मी थांबतो इथे, तुम्ही पुढच्या काळात भेटा. तुम्ही यानात बसता, बटण दाबता, चारशे वर्षं होतात. तुमच्यासाठी काही सेकंद. परत येता तर घनदाट जंगल, मधोमध देवस्थान, आणि त्यात रोबो गंजून पडलेला.

लुका त्याला दुरुस्त करते. रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात आणि बाकीचे झोपल्यावर लुकासमोर एक लाल दरवाजा उघडतो. तो तिला तिच्या लहानपणात नेतो, ज्या दिवशी तिच्या आईचा झगा वडिलांच्या यंत्रात अडकला आणि तिचे पाय गेले त्या दिवसात. यंत्र बंद करायला पासवर्ड हवा. वडिलांच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, माझ्या लाडक्या बायकोचं नाव. आईचं नाव लारा. कंट्रोलरवर एल, ए, आर, ए ही चार बटणं त्याच क्रमाने दाबायची. वेळ थोडाच असतो.

मला पहिल्यांदा हे कळलंच नाही. मी नुसती बटणं बडवत बसलो, आई किंचाळली, अंधार झाला. गेम पुढे गेला. कोणी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं नाही. लुकाच्या घरी गेलो तर तिची आई खुर्चीतच बसलेली, नेहमीसारखी हसून बोलली.

संगीताबद्दल सगळे एवढे हळवे का होतात?

यासुनोरी मित्सुदा स्क्वेअरमध्ये मुख्यतः आवाजाचे परिणाम करायचे, म्हणजे तलवारीचा खणखणाट, दाराची करकर. ते थेट साकागुचींकडे गेले की मला चाली करायला द्या, नाहीतर नोकरी सोडतो. साकागुचींनी त्यांना हाच गेम दिला. मित्सुदांनी इतकं राबून काम केलं की पोटात अल्सर झाला आणि उरलेल्या चाली नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या. मधे हार्ड डिस्क बंद पडून तयार होत असलेल्या चाळीसेक चाली गेल्या, ते वेगळंच.

हे सगळं बसवायचं होतं ते आठ आवाज आणि 64 किलोबाइट स्मृती असलेल्या ध्वनी चिपमध्ये. ऐकायचं असेल तर झील ऐका. खाली हिमयुग, वादळ, काही दिसत नाही. एका प्रकाशझोतात उभे राहता आणि वर ढगांच्या वर येता, तिथे हिरवी तरंगती बेटं, ऊन, आणि ती सतारीसारखी वाजणारी तार सुरू होते. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा दहा मिनिटं काही न करता उभा होतो. सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात संघ मैदानात येत होते तेव्हा वाजलेल्या गेम संगीतात फ्रॉग आणि रोबोच्या चाली होत्या. घरात एकट्यालाच कळलं आणि सांगायचं कोणाला, अशी माझी पंचाईत.

आपल्याकडे 1995 साली हा कोणाकडे होता?

फारच थोड्यांकडे. आपल्या घरांत होता तो फॅमिकॉमची नक्कल असलेला टीव्ही गेम, पिवळं कार्ट्रिज आणि त्यावर '9999 इन 1' लिहिलेलं, प्रत्यक्षात गेम सात-आठ. सुपर निन्टेंडो अमेरिकेतल्या काकांकडे असायचा.

माझ्यासारख्यांनी तो 2000 नंतर एमुलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमवर, खेळला. कायदेशीर होतं का? नाही, आणि तेव्हा तो विचारही डोक्यात नव्हता. सेव्ह फाइल जेमतेम 8 किलोबाइटची, म्हणून ती फ्लॉपीवर टाकून घरी आणायचो. एकदा आणायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्याने मशीन फॉरमॅट केलेलं. तेव्हा मी झीलच्या अगदी शेवटाशी होतो. महिनाभर त्या गल्लीतून गेलो नाही.

मग ही नुसती लहानपणीची हळवी आठवण नाही का?

थोडी आहेच. पण 2019 मध्ये जपानचं हेइसेई पर्व संपलं तेव्हा 'फामित्सू' मासिकाच्या वाचकांनी त्या तीस वर्षांतला सर्वोत्तम गेम म्हणून याला पहिला क्रमांक दिला. तेही एकवेळ आठवणीत रमलेले म्हणा. माझ्या भाचीचं काय? ती 2011 ची. तिने मागच्या दिवाळीच्या सुट्टीत खेळला आणि 2300 सालच्या उद्ध्वस्त जगात अडकली एका वाक्यावर. तिथे एक यंत्र आहे, त्यात झोपलं की ताकद पूर्ण भरते. पण गेम लगेच सांगतो, भूक मात्र तशीच आहे. तिने विचारलं, "मामा, मग ही माणसं जेवतात काय?" थोडं पुढे गेल्यावर तिला उत्तर मिळालं, धान्याच्या कोठारात. तिने कन्सोल खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेली.

इंग्रजी बेताचं असेल तर जमेल?

जमेल. वाक्यं लहान आहेत, आणि क्रोनो स्वतः एका शेवटाचा अपवाद सोडला तर बोलतच नाही. त्रास देईल तो 1995 च्या भाषांतरातला फ्रॉग. त्याला टेड वूल्सी यांनी जुन्या नाटकातल्या सरदारासारखं इंग्रजी दिलं. जपानीत तो असं बोलत नाही. नंतरच्या नव्या भाषांतरात ते काढून टाकलं. मला जुनंच आवडतं. बेडूक झालेल्या सरदाराने बोलावं तर असंच.

कुठली आवृत्ती घेऊ?

निन्टेंडो डीएसची (2008) मिळाली तर तीच. भाषांतर स्वच्छ, एक जादा शेवटही आहे. तिच्यात वाढवलेला 'लॉस्ट सँक्टम' मात्र खुशाल सोडा, निव्वळ हेलपाटे आहेत.

प्लेस्टेशनवर (1999) ॲनिमेशनची दृश्यं आहेत, पण मेन्यू उघडतानाही थांबावं लागतं. स्टीमवर (संगणकाचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) 2018 मध्ये आला तेव्हा चित्रं धूसर, मेन्यू मोबाइलचा, लोक भयंकर चिडले होते. पुढच्या काही महिन्यांत बरीच दुरुस्ती झाली आणि आज तो व्यवस्थित चालतो. सहज मिळणारा पर्याय हाच. कंट्रोलर जोडा. फोनवरही आहे, बसमध्ये खेळायला बरा.

कुठे अडकायला होतं?

निझबेल नावाच्या डायनोसॉरवर वीज टाका, मग तो मऊ पडतो. पण नंतर तो ती वीज परत सोडतो, तेव्हा तब्येत भरून ठेवा. मॅगस हा जादूगार मधूनमधून आपला बचाव बदलतो. कुठल्या जादूने लागतंय ते बघून तीच वापरा, आणि फ्रॉगला बरोबर न्या, त्याची तलवार तिथे कामाला येते. डायनोसॉरच्या काळातल्या आयलाला जादू शिकवायला जाऊ नका, तिच्या काळी जादू जन्मालाच आली नव्हती.

दुसरा भाग आहे का? रीमेक?

'क्रोनो क्रॉस' 1999 चा, 2022 मध्ये नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला. संगीत अप्रतिम, कथा गुंतागुंतीची, आणि पहिल्या भागातल्या माणसांचं जे केलं आहे ते मला अजून पचलेलं नाही. चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने पुढचा भाग आणि त्रिमितीय रूप करून पाहिलं, 2004 आणि 2009 मध्ये कंपनीच्या वकिलांची पत्रं आली, दोन्ही थांबलं. त्याच वळणाचं काही हवं असेल तर 2023 चा 'सी ऑफ स्टार्स' बघा, त्यात मित्सुदांच्याही काही चाली आहेत.

सेव्ह किती ठेवू?

निदान दोन. एक चालू, आणि एक नॉर्थ केपच्या कड्यावर मॅगसशी बोलण्याआधीची. तिथे त्याला मारायचं की सोबत घ्यायचं हे एकदाच विचारतात. मारलं तर शेवटी फ्रॉगचा शाप सुटतो, घेतलं तर पक्षात एक जबरदस्त जादूगार येतो. भाचीने घेतलं. मी आजवर प्रत्येक वेळी मारलं होतं, तिचं बघून या वेळी तीच जुनी सेव्ह उघडून बसलो आहे.